शिम्बाशीच्या चौकातील गर्दी

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘गर्दी’ हे सूत्र कळवले, तेव्हा वारीची, विसर्जनाची आणि खासबाग मैदानाची गर्दी अधिक समर्थ लेखण्यांच्या वाट्याला जाणार हे मी गृहीत धरले, आणि जिचे छायाचित्र पुष्कळ वर्षांपूर्वी एका सचित्र ग्रंथात पाहिल्यापासून माझ्या मनातून गेले नाही, अशा एका परक्या गर्दीविषयी लिहिण्याची परवानगी मागितली. तोक्योतील शिम्बाशी स्थानकाच्या पश्चिमेकडील चौक, काळ १९५०च्या दशकाच्या मध्याचा, वेळ संध्याकाळची. ओव्हरकोट घातलेले, हॅट चढवलेले, शाळेच्या टोप्या घातलेले सहस्रावधी लोक खांद्याला खांदा भिडवून उभे आहेत, आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला किंचित वर उचललेल्या आहेत. ते पाहत आहेत तिकडे ना कोणी पुढारी आहे, ना देवाची पालखी. उंचावर बसवलेल्या पेटीत दूरचित्रवाणीचा एक पडदा आहे, आणि मागच्या रांगांतल्या माणसाला तो पोस्टाच्या पाकिटाहून मोठा दिसत नसणार. त्या पडद्यावर कुस्ती चालू आहे.

१९ फेब्रुवारी १९५४ला या एका चौकात वीस हजार माणसे जमली होती, असे परंपरेने सांगितले जाते. ज्यांना प्रत्यक्ष आखाडा पाहणे शक्य नव्हते, ज्यांच्या घरी दूरचित्रवाणी येण्याची दूरवर आशा नव्हती, आणि ज्यांना त्या पडद्यावर दोन आकृत्यांपलीकडे फारसे काही स्पष्ट दिसणारही नव्हते, अशी ही माणसे थंडीत तासन्‌तास का उभी राहिली, हे समजून घ्यावे म्हणून मी तोक्योला गेलो. तेथे अनेक वर्षे संगणकाच्या व्यवसायात असलेल्या एका मराठी स्नेह्यांनी दुभाष्याचे काम आनंदाने पत्करले.

आजच्या त्या चौकात वाफेचे एक काळे इंजिन उभे आहे. जपानातील पहिली आगगाडी १८७२ साली शिम्बाशीहून योकोहामाला गेली, तिच्या शताब्दीच्या निमित्ताने १९७२ साली ते येथे आणून ठेवले. दुपारी बारा, तीन आणि संध्याकाळी सहा वाजता त्याची शिट्टी वाजते. सहाच्या शिट्टीनंतर कचेऱ्या सुटतात आणि पांढऱ्या सदऱ्यांचा लोंढा भोवतालच्या गल्ल्यांतील खानावळींकडे वळतो. कोणत्याही राजकीय घडामोडीवर सामान्य नोकरदाराचे मत हवे असले, म्हणजे दूरचित्रवाणीचे वार्ताहर आजही कॅमेरे घेऊन याच चौकात येतात. युद्धानंतर याच ठिकाणी काळा बाजार भरत असे. ज्या वर्षांविषयी मी लिहीत आहे त्या वर्षांत, उपाशी शहराने जगण्यासाठी मांडलेल्या त्या बाजाराची आठवण येथे उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ताजी होती.

एका माजी पोलीस अधिकाऱ्याची तजवीज

जपानात दूरचित्रवाणी आली ती १९५३ साली. १ फेब्रुवारीला एन.एच.के. या सार्वजनिक संस्थेने प्रक्षेपण सुरू केले, त्या दिवशी साऱ्या देशात तिचे नोंदलेले वर्गणीदार होते ८६६. त्याच वर्षी बाजारात आलेल्या शार्प कंपनीच्या संचाची किंमत १,७५,००० येन होती, आणि नव्याने नोकरीस लागलेल्या माणसाचे वर्षभराचे वेतनही तेवढे भरत नसे. एन.एच.के.चा खर्च वर्गणीतून चालायचा होता, म्हणून तिला वाट पाहणे शक्य होते. २८ ऑगस्टला सुरू झालेल्या निप्पोन टेलिव्हिजन या खासगी केंद्राला मात्र जाहिरातदारांच्या पैशावर उभे राहायचे होते, आणि जेथे संचच नाहीत तेथे जाहिरात कोण देणार?

या प्रश्नाचे उत्तर केंद्राचे संस्थापक शोरिकी मात्सुतारो यांनी दिले. या गृहस्थांचे चरित्र विलक्षण आहे. ते मूळचे तोक्योच्या पोलीस खात्यातील वरिष्ठ अधिकारी. १९२३ साली युवराजांवर गोळी झाडली गेली तेव्हा बंदोबस्तातील त्रुटीची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि नोकरी गेली. पुढच्याच वर्षी त्यांनी डबघाईस आलेले योमिउरी हे वृत्तपत्र ताब्यात घेतले, १९३४ साली बेब रूथसह अमेरिकन बेसबॉलपटूंना जपानात आणून व्यावसायिक बेसबॉलचा पाया घातला, आणि युद्धानंतर युद्धगुन्हेगारीच्या संशयावरून सुगामोच्या तुरुंगात राहून खटला न चालताच सुटले. गर्दी कशी हटवावी आणि कशी जमवावी, या दोन्ही विद्या एकाच माणसाला इतक्या पक्क्या अवगत असल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. जाहिरातदाराला देशात किती संच आहेत याच्याशी कर्तव्य नसते, किती डोळे पाहत आहेत याच्याशी असते. म्हणून त्यांनी तोक्यो आणि आसपासच्या परिसरात पन्नासाहून अधिक जागा हेरल्या. स्थानकांसमोरील चौक, उद्याने, देवळांची प्रांगणे अशा त्या जागा होत्या. तेथे त्यांनी उंच चौथऱ्यांवर मोठ्या पडद्यांचे संच बसवले आणि ते सर्वांना विनामूल्य खुले केले.

आतागो टेकडीवर, जेथून १९२५ साली तोक्योचे नभोवाणी केंद्र बोलू लागले, तेथे आता एन.एच.के.चे प्रक्षेपण संग्रहालय आहे. त्या काळचे संच तेथे मांडून ठेवले आहेत. त्यांच्यासमोर उभे राहिले म्हणजे एक गोष्ट ताबडतोब ध्यानात येते. फुगीर काचेच्या त्या कृष्णधवल पडद्यावर बेसबॉलचा चेंडू दिसणे कठीण. मैदान विस्तीर्ण, खेळाडू विखुरलेले, आणि चेंडू गेला कुठे हे कॅमेऱ्यालाच आधी शोधावे लागते. उलट कुस्तीचा दोरांनी बांधलेला चौरस ठरलेला असतो, त्यावर वरून प्रखर दिवे सोडता येतात, दोन-तीन कॅमेरे एकदा लावले की हलवावे लागत नाहीत, आणि पैलवानाची देहाकृती कितीही लहान झाली तरी कोण उभा आहे आणि कोण आडवा, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळते. १९५३च्या ऑक्टोबरात शिराई योशिओ या मुष्टियोद्ध्याच्या जगज्जेतेपदाच्या लढतीने चौकांत गर्दी होते हे सिद्ध केलेच होते. पण मुष्टियुद्धात एखादा ठोसा वर्मी बसला तर सारा खेळ तीन मिनिटांत आटोपतो. प्रेक्षकाला तासभर खिळवून ठेवून मगच सोडणारा खेळ पुढच्या फेब्रुवारीत आला.

कुरामाएच्या तीन संध्याकाळी

रिकिदोझान हे नाव सुमोच्या आखाड्यात मिळालेले. १९४० साली त्याने निशोनोसेकी या तालमीत पदार्पण केले आणि चढत चढत सेकिवाके या पदापर्यंत तो पोहोचला. सुमोच्या श्रेणीत त्याच्या वर दोनच पायऱ्या उरतात. १९५० साली त्याने स्वतःच्या हाताने आपली शेंडी कापली आणि सुमोला रामराम ठोकला. पुढच्या वर्षी बॉबी ब्रन्झ नावाचा अमेरिकन पैलवान आपल्या जथ्यासह धर्मादाय खेळांसाठी तोक्योत आला असता रिकिदोझान त्याच्यासमोर प्रथमच दोरांच्या चौकटीत उतरला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. १९५२ साली तो हवाईला गेला, तेथे ओकी शिकिना या वस्तादांच्या हाताखाली राबला, अमेरिकेत फिरून धंद्याच्या खाचाखोचा शिकला, आणि परत येऊन १९५३ साली त्याने जपान व्यावसायिक कुस्ती संघ स्थापन केला. पैलवान, व्यवस्थापक आणि करारमदार ठरवणारा कुलमुखत्यार या तिन्ही भूमिका त्याने एकट्याने पेलल्या.

१९, २० आणि २१ फेब्रुवारी १९५४ या तीन संध्याकाळी कुरामाए कोकुगिकान या सुमोच्या सभागृहात त्याने शार्प बंधूंना उभे केले. बेन आणि माइक हे कॅनडातील हॅमिल्टन गावचे सख्खे भाऊ. दोघेही साडेसहा फुटांच्या घरातले, आणि सॅन फ्रान्सिस्कोकडे जोडीच्या कुस्तीचे जगज्जेते म्हणून नावाजलेले. त्यांच्यासमोर रिकिदोझान आणि ज्युदोचा अजिंक्य वीर किमुरा मासाहिको. एन.एच.के. आणि निप्पोन टेलिव्हिजन या दोन्ही केंद्रांनी या लढती दाखवल्या.

जोडीच्या कुस्तीची रचना आपल्याकडील वाचकाला सांगायला हवी. चौकटीत एका वेळी प्रत्येक पक्षाचा एकच गडी उतरतो. दुसरा कोपऱ्यात दोराबाहेर उभा राहतो, आणि साथीदाराने हाताला हात लावल्याखेरीज त्याने आत येऊ नये असा जाबता असतो. नाट्य याच नियमातून जन्मते. धिप्पाड परदेशी भाऊ नियम मोडून दोघे मिळून किमुराला कोपऱ्यात चेपतात, पंचाची पाठ वळली की गळा आवळतात, किमुरा सरपटत आपल्या कोपऱ्याकडे येऊ पाहतो, हात लांब करतो, बोटे वीतभर अंतरावर येतात आणि त्याला पायाला धरून मागे ओढले जाते. हे पुन्हा पुन्हा घडते. चौकातील माणूस अस्वस्थ होतो, ओरडतो, पुढच्याच्या खांद्यावर मुठी आपटतो. शेवटी एकदाची बोटे बोटांना लागतात. मग गुडघ्याखालपर्यंत येणारी काळी चड्डी घातलेला रिकिदोझान दोर ओलांडून आत येतो, त्याचा उजवा हात खांद्याच्या मागे जातो आणि तळहाताची कड शार्पच्या छातीवर आडवी बसते. सुमोतील थापेला अमेरिकन आखाड्याची जोड देऊन त्याने घडवलेला हा वार ‘कराटे चॉप’ म्हणून प्रसिद्ध झाला. तो एकदा बसत नसे. एकामागून एक असे पाच-सहा वार बसत, प्रत्येक वारासरशी तो महाकाय देह एकेक पाऊल मागे हटे आणि अखेरीस दोरांवर कोसळे. त्या क्षणी शिम्बाशीच्या चौकातून उठलेल्या आरोळीची कल्पना करताना माझ्या अंगावर आजही काटा येतो.

अमेरिकन फौजांचा अंमल एप्रिल १९५२मध्ये संपला होता, म्हणजे दोन वर्षेही लोटली नव्हती. चौकात उभ्या असलेल्यांपैकी बहुतेकांनी घर, आप्त किंवा तारुण्याची वर्षे गमावली होती, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या उंच परदेशी सैनिकाला वाट करून देण्याची सवय त्यांच्या अंगात मुरली होती. शार्प बंधू कॅनडाचे होते हे फार थोड्यांना ठाऊक असेल. चौकाच्या दृष्टीने ते अमेरिकनच होते. पहिल्या दिवशी तासाभराची ती लढत एक-एक अशा बरोबरीत सुटली आणि जपानी जोडी काही जिंकली नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. लोकांना विजय नको होता असे नाही, पण त्याआधी त्यांना एक दृश्य हवे होते: आपल्यापैकी एक जण सहन करतो, सहन करतो आणि मग उलटून उभा राहतो.

हा निकाल आधी ठरलेला होता काय? या धंद्याच्या शिरस्त्याप्रमाणे होता. खासबागेत नुरा कुस्तीचा नुसता वास आला तरी मैदान खवळते, कारण तेथे निकाली कुस्ती हाच प्रेक्षकाशी केलेला करार असतो. तोक्योच्या चौकात करार निराळा होता आणि तो कोणी उच्चारून केला नव्हता. मला या ठिकाणी ‘फसवणूक’ हा शब्द वापरवत नाही. छातीवर बसणारा तळहात खरा होता, उमटणारे वळ खरे होते, ज्या अपमानाची आठवण घेऊन माणसे उभी होती तो अपमान खरा होता, आणि म्हणून त्यांच्या डोळ्यांतले पाणीही खरेच होते.

किमुराचे दुःख

मात्र या रचनेत एका माणसावर अन्याय झाला, आणि तो सांगितल्याखेरीज पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. किमुरा मासाहिको हा ज्युदोच्या इतिहासातील थोर मल्लांपैकी एक. १९५१ साली रिओ दि जानेरोच्या माराकाना मैदानात त्याने ब्राझीलच्या एलिओ ग्रेसीला हात पिळून निष्प्रभ केले, आणि त्या डावाला आज जगभर किमुराचेच नाव आहे. असा हा वीर शार्प बंधूंच्या लढतींत रोज मार खाणारा जोडीदार झाला, म्हणजे रिकिदोझानचे येणे अधिक तेजस्वी दिसावे म्हणून त्याने खाली पडत राहायचे. त्याला ते डाचले. वर्षाअखेरीस त्याने वृत्तपत्रातून जाहीर आव्हान दिले: खऱ्या झुंजीत रिकिदोझान आपल्याला हरवू शकणार नाही.

२२ डिसेंबर १९५४ला त्याच कुरामाएच्या सभागृहात दोघे समोरासमोर आले. मुसाशी आणि कोजिरो या तलवारबहाद्दरांच्या गानर्यू बेटावरील द्वंद्वाची उपमा देऊन वृत्तपत्रांनी देश ढवळून काढला होता. किमुराचे आयुष्यभर म्हणणे होते की ही कुस्ती बरोबरीत सोडवायची मसलत पक्की झाली होती. खेळ बराच वेळ त्या ठरावाप्रमाणेच चालल्यासारखा दिसतो, आणि मग एका क्षणी रिकिदोझानचा हात थांबत नाही. आपल्याला लाथ अवघड जागी बसली म्हणून संताप अनावर झाला, असे त्याने नंतर सांगितले. उरलेल्या चित्रफितीत दिसते ते असे: किमुराचे हात खाली आहेत, पुढे काय येणार याची सिद्धता त्याच्या देहात कुठेच नाही, आणि त्याच्या मानेवर व चेहऱ्यावर तळहाताचे आघात कोसळत आहेत. सोळा मिनिटे पुरी होण्याच्या आत तो रक्तबंबाळ होऊन पालथा पडला आणि उठला नाही. तो १९९३ साली वारला, तोवर हा सल त्याने जपला. मोठ्या वृत्तपत्रांचा या खेळावरचा लोभ या प्रकारानंतर ओसरू लागला. चौकातील गर्दीचा मात्र ओसरला नाही, आणि याचे मला आजही वाईट वाटते.

कुरामाएचे ते सभागृह आता नाही. १९८५पासून सुमो सुमिदा नदीपलीकडे र्‍योगोकूच्या नव्या वास्तूत खेळला जातो, आणि जुन्या जागेवर शहराच्या मलनिःसारण खात्याची इमारत उभी आहे.

किंगकाँग आणि दारासिंग

याच कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९५५च्या नोव्हेंबरात रिकिदोझानने आशियाई अजिंक्यपदाची स्पर्धा भरवली, तिच्यासाठी आलेल्या मल्लांत तरुण दारासिंग होता, टायगर जोगिंदरसिंग होता आणि किंगकाँग नावाने गाजलेला हंगेरियन एमिल झाया होता. जोडीचे अजिंक्यपद किंगकाँग आणि जोगिंदरसिंग यांनी जिंकले. एकेरीच्या अंतिम झुंजीत रिकिदोझानने किंगकाँगला हरवले. आपल्याकडे ज्यांनी वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर फ्रीस्टाइल कुस्त्या पाहिल्या, त्या पिढीला किंगकाँगच्या प्रचंड पोटाची आणि दारासिंगने त्याला उचलून फेकल्याची आठवण वेगळी सांगायला नको.

फरक पडद्याचा होता. मुंबईला दूरचित्रवाणी आली २ ऑक्टोबर १९७२ला. त्यामुळे आपली फ्रीस्टाइल कुस्ती तिकीट काढून जाणाऱ्यांची राहिली, आणि बाकीच्यांना ती भिंतीवरील रंगीत जाहिरातींतून, वर्तमानपत्रांतून आणि पुढे दारासिंगच्या चित्रपटांतून भेटली. दारासिंगची कीर्ती चित्रपटाने वाढवली, रिकिदोझानची दूरचित्रवाणीने. दोघांच्या वाट्याला आलेल्या प्रेमाची जातही त्यामुळे बदलली. दारासिंग आपल्याला अखेरीस हनुमान म्हणून घराघरांत भेटला. रिकिदोझान ठरलेल्या वारी त्याच वेळी, त्याच काळ्या चड्डीत, त्या क्षणी चालू असलेल्या झुंजीत भेटत राहिला.

शुक्रवार, रात्री आठ

१९५७च्या ऑक्टोबरात तोक्योच्या कोराकुएन मैदानावर जगज्जेता लू थेझ त्याच्यासमोर उभा राहिला. साठ मिनिटे कोणीच कोणाला चीत करू शकले नाही. देन्त्सू या जाहिरात संस्थेच्या पाहणीत त्या रात्रीचे प्रेक्षकप्रमाण ८७ टक्के निघाले. पण तोवर प्रेक्षक चौकातून हळूहळू आत सरकू लागला होता. आधी खानावळवाल्यांनी, चहाकॉफीच्या दुकानदारांनी, सार्वजनिक स्नानगृहांच्या मालकांनी संच घेतले, कारण संच असलेल्या दुकानात कुस्तीच्या रात्री बसायला जागा उरत नसे. मग गल्लीतील एखाद्या सधन घरी संच आला आणि शेजारपाजारची पोरे त्याच्या उंबऱ्याशी गोळा झाली. मे १९५८मध्ये एन.एच.के.च्या वर्गणीदारांनी दहा लाखांचा आकडा ओलांडला. मार्च १९६२मध्ये ते एक कोटी झाले.

१९५८च्या ऑगस्टपासून शुक्रवारी रात्री आठचा तास मित्सुबिशी कंपनीच्या नावाने मुक्रर झाला. एका शुक्रवारी रिकिदोझानची कुस्ती आणि पुढच्या शुक्रवारी वॉल्ट डिस्नेचा ‘डिस्नेलँड’ हा कार्यक्रम, अशी ती आळीपाळी होती. आज हे विचित्र वाटेल, पण दोन्हींचा प्रेक्षक एकच होता. आठ वाजता सारे कुटुंब जेवण आटोपून पडद्यासमोर बसलेले असे.

त्या तासातील एक दृश्य मला सर्वांत बोलके वाटते. दोन कुस्त्यांच्या मध्यंतरात, आखाड्यावर सांडलेला घाम आणि कधी रक्तही असताना, माणसे मित्सुबिशीचा विजेवर चालणारा झाडू घेऊन चौकटीत चढत आणि कॅमेऱ्यासमोर ती चटई साफ करीत. त्याची घरघर ध्वनिक्षेपकातून ऐकू जाई. हीच जाहिरात होती. ज्या गृहिणीने असे यंत्र जन्मात पाहिले नव्हते, तिला ते काय करते हे एका मिनिटात समजे, आणि तिचा नवरा पुढच्या कुस्तीची वाट पाहत असल्यामुळे खोलीतून उठत नसे. शोरिकींनी चौकात मांडलेला हिशेब असा दिवाणखान्यात येऊन पुरा झाला.

पडदा घरात आल्यावर त्याची जबाबदारीही वाढली. २७ एप्रिल १९६२च्या शुक्रवारी कोबे येथील झुंजीत फ्रेडी ब्लासी या अमेरिकन मल्लाने ग्रेट तोगोच्या कपाळाचा चावा घेऊन त्याला रक्ताने न्हाऊ घातले, आणि ते दृश्य घरी पाहताना वृद्ध प्रेक्षक धक्क्याने दगावल्याच्या बातम्या दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत आल्या. चौकातील गर्दीत माणूस भ्याला तर शेजारच्याचा खांदा धरतो. घरात, रात्रीच्या वेळी, एकट्या म्हाताऱ्या माणसाला तो आधार नसतो. त्या प्रकाराबद्दल कंपनीला, केंद्राला आणि खुद्द रिकिदोझानला जे बोल लावले गेले ते मला योग्य वाटतात.

२४ मे १९६३ला पांढरा बुरखा घालणारा डिस्ट्रॉयर समोर होता. त्याचा डाव म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पाय चारच्या आकड्यासारखे आपल्या पायांत गुंतवून कुलूप घालणे. हे कुलूप पडले, रिकिदोझानने ते उलटवण्याचा यत्न केला, आणि दोघांचेही पाय असे अडकले की पंचाला कुस्ती थांबवावी लागली. बुटांच्या नाड्या काढल्या तेव्हा कुठे दोघे सुटले. व्हिडिओ रिसर्च संस्थेच्या मोजणीत त्या रात्रीचे प्रेक्षकप्रमाण ६४ टक्के होते. जपानी दूरचित्रवाणीच्या आजवरच्या सर्वाधिक आकड्यांत ते गणले जाते. बुरख्यामागचा डिक बायर पुढे जपानात राहून विनोदी कार्यक्रमांतही लोकप्रिय झाला, आणि २०१७ साली त्या देशाच्या सरकारने त्याला सन्मानपदक दिले. शत्रूची भूमिका मनःपूर्वक वठवणाऱ्याला एखाद्या देशाने इतके प्रेम द्यावे, हे मला फार सुंदर वाटते.

दप्तरातील नाव

आता जे सांगायचे ते या साऱ्याच्या मुळाशी आहे. ज्या देहात पराभूत जपानने आपला स्वाभिमान पाहिला, तो देह जपानी नव्हता. रिकिदोझानचे जन्मनाव किम सिन-राक. कोरियाच्या ईशान्येकडील दक्षिण हामग्यॉन्ग प्रांतात, तो देश जपानी साम्राज्याच्या अंमलाखाली असताना त्याचा जन्म झाला, आणि सुमोसाठी तो कोवळ्या वयात समुद्र ओलांडून आला. पुढे दप्तरी नोंद झाली ती मोमोता मित्सुहिरो, नागासाकी प्रांतातील ओमुराचा, अशी. चरित्रपुस्तिकांत, मासिकांत आणि जाहीरनाम्यांत तेच गाव छापले जाई. ज्यांना ठाऊक होते ते गप्प राहिले. कोरियन वंशाच्या माणसाला त्या काळच्या जपानात नोकरीत, घर मिळवण्यात आणि लग्नात जे भोगावे लागे, ते पाहता त्याने हा दाखला का जपला हे वेगळे सांगायला नको.

१९६३च्या जानेवारीत तो गाजावाजा न करता दक्षिण कोरियाला जाऊन आला. त्याचे जन्मगाव मात्र सीमेच्या उत्तरेला होते. कोरियातून चोरून आलेल्या किम इल नावाच्या तरुणाला त्याने शिष्य केले, त्याचे नाव ओकी किन्तारो ठेवले, आणि त्याच्याकडून इतरांच्या दुप्पट मेहनत करवून घेतली असे सांगतात. चौकात वीस हजार लोक आपल्या नावाने गर्जत असताना त्यांतील एकालाही आपले खरे नाव सांगता येऊ नये, ही शिक्षा कोणत्याही शार्पच्या पकडीहून कठोर होती. त्या चौकात कोरियन माणसेही उभी असणार. त्यांच्यातील काहींनी कुजबुज ऐकली असेल, आणि त्यांच्या आरोळीचा अर्थ शेजाऱ्याच्या आरोळीहून निराळा असेल.

आकासाका, इकेगामी, प्याँगयांग

८ डिसेंबर १९६३च्या रात्री आकासाकातील न्यू लॅटिन क्वार्टर या नाचघरात एका गुंडाशी झालेल्या बाचाबाचीत रिकिदोझानच्या पोटात चाकू खुपसला गेला. जखम आधी किरकोळ वाटली. १५ डिसेंबरला तो रुग्णालयात वारला. वय ३९. नाचघर ज्या हॉटेलच्या तळघरात होते ते न्यू जपान हॉटेल १९८२ साली आगीत सापडले आणि तेहतीस माणसे मृत्युमुखी पडली. आज तेथे काचेचा मनोरा आहे, आणि दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला या दोन्हींपैकी कशाचीच माहिती नव्हती.

इकेगामीचे होनमोन्जी हे निचिरेन पंथाचे महत्त्वाचे मंदिर. संत निचिरेन १२८२ साली याच टेकडीखाली निवर्तला. ९६ दगडी पायऱ्या चढून, १६०८ साली बांधलेल्या पाचमजली पॅगोडाच्या बाजूने गेले की दिशा दाखवणारी पाटी लागते. रिकिदोझानच्या समाधीवर त्याचा अर्धपुतळा आहे: उघडी छाती, घडी घातलेले हात, नजर समोर. आम्ही गेलो त्या वेळी एक वृद्ध गृहस्थ झाडू घेऊन भोवतालची पाने गोळा करीत होते. त्यांनी स्नेह्यांमार्फत सांगितले की लहानपणी त्यांनी स्नानगृहातील संचावर कुस्ती पाहिली आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात सर्वांनाच रिकिदोझान व्हायचे असल्यामुळे शार्प होण्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागत. त्याच्या जन्माविषयी आपल्याला मोठेपणी कळले, आणि कळल्यावर त्याच्याबद्दलचा आदर वाढला, असे ते म्हणाले.

ज्या दोन शिष्यांनी पुढे हा धंदा जगवला ते जायंट बाबा आणि आंतोनिओ इनोकी. दोघेही ३० सप्टेंबर १९६० या एकाच दिवशी आखाड्यात उतरले होते. १९७२ साली दोघांनी निरनिराळ्या संस्था काढल्या आणि जन्मभर प्रतिस्पर्धी राहिले. इनोकी ब्राझीलमधील जपानी वसाहतीतून रिकिदोझानने शोधून आणलेला मुलगा. तो पुढे संसदेत निवडून गेला, आणि १९९५च्या एप्रिलमध्ये, गुरूच्या जन्मभूमीचे दार ज्या राजवटीच्या हाती आहे तिच्याशी बोलणी करून, त्याने प्याँगयांगच्या मे डे स्टेडियममध्ये दोन दिवस कुस्त्या भरवल्या. अमेरिकेहून रिक फ्लेअर आला, पाहुणा म्हणून मुहम्मद अली आला, आणि दुसऱ्या दिवशीची अखेरची झुंज इनोकी आणि फ्लेअर यांची झाली. स्टेडियम तुडुंब भरले होते. त्या गर्दीतील किती माणसे स्वेच्छेने आली होती हे ठरवणे अवघड आहे. मात्र त्या दोन संध्याकाळी, जपानातून आलेल्या त्या मल्लांचा मूळ गुरू आपल्याच मातीतला होता, हे तेथे कोणापासून लपवायचे नव्हते.